तिघांचं एकमत

आमच्या भाषांतराच्या खोलीत एकच नियम होता: तिघंही ‘मान्य’ म्हणेपर्यंत एकही शब्द पक्का होत नसे. ग्रीक शिकवणारे मास्तर, संस्थेचे सचिव आणि मी, मुद्रितं तपासणारी. एकेका शब्दापायी आम्ही आठ-आठ दिवस डोकी खाल्ली आहेत, तीही एकमेकांची.

त्या सकाळी ख्रिस्ती शास्त्रातल्या अशाच एका क्रियापदावर गाडं अडलं होतं. देवळातल्या वडीलधाऱ्यांना चारचौघांत एक प्रश्न विचारला जातो, ते आपसांत ‘विचार करतात’ आणि शेवटी ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणतात. मला ‘विचार करतात’ एवढं पुरे वाटत होतं. मास्तर म्हणाले, नाही, या शब्दात सगळ्यांनी मिळून मांडलेला हिशेब आहे. असं म्हटलं तर काय होईल, तसं म्हटलं तर काय होईल. खरं काय, याची तिथे चर्चाच नव्हती.

मी लिहून घेत होते, पण लक्ष घड्याळाकडे होतं. बारा वाजता सरकारी तपासनीस येणार होता. चार दिवसांपूर्वी खालच्या छापखान्यात बाइंडरकाकांची दोन बोटं कागद कापायच्या मशीनमध्ये गेली होती. पात्यापुढची जाळी कोणी काढायला लावली, एवढंच त्याला विचारायचं होतं. जाळी लावली की काम सावकाश होतं, आणि आम्हाला प्रती लवकर हव्या होत्या. सचिवांनी ती काढायला सांगितली. काका नको नको म्हणत होते, तेव्हा मास्तर आणि मी शेजारीच उभे होतो आणि आम्हीही माना डोलावल्या. काकांनी आपल्या मर्जीने काढली असं ठरलं, तर त्यांची नोकरी जाणार होती.

सचिवांनी दार लोटून घेतलं. आपण सांगितलं म्हणावं, तर संस्थेला टाळं लागेल. काकांनी काढली म्हणावं, तर खालची माणसं जिना चढून वर येतील. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शेवटी सचिव हळूच म्हणाले, “आपल्याला माहीत नाही.”

“मान्य,” मास्तर म्हणाले.

दोघं माझ्याकडे बघू लागले. एखाद्या स्वल्पविरामाला म्हणावं तसं मीही ‘मान्य’ म्हणून मोकळी झाले. नोकरी गेली तर आईला काय सांगू, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मग आपण आत्ता काय केलं ते लक्षात आलं. मास्तरांच्याही लक्षात आलं असावं, कारण समोरचा ग्रीक कागद त्यांनी पालथा घातला.

तपासनीस बरोबर बाराला आला. सचिव म्हणाले, माहीत नाही. मास्तर म्हणाले, माहीत नाही. मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्याने तेही लिहून घेतलं आणि कागद आवरता आवरता म्हणाला, “दवाखान्यात त्या बाइंडरनाही विचारलं होतं. म्हणाले, वरच्यांना विचारा, ती माणसं खोटं बोलायची नाहीत.”

मला बसवेना. भीती गेली नव्हती, तरी मी उभी राहिले. “जाळी आम्हीच काढायला लावली,” मी म्हणाले.

त्याने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. “आम्ही म्हणजे कोण कोण?”

मी सचिवांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. दोघंही टेबलाकडे बघत होते.

“माझं नाव लिहा,” मी म्हणाले.