खेळाडू बाहेर पडला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला बिघाड सापडला नाही की जेवण गोड लागत नाही. बावीस वर्षं मी हेच काम करतोय. त्यामुळे आमच्या रविवारच्या खेळातून माझा मित्र सारखा बाहेर फेकला जाऊ लागला, तेव्हा मी ते फारच मनावर घेतलं.

खेळ चौघांचा. मी, माझी धाकटी बहीण, एक बेकरीवाला आणि हा, घड्याळं दुरुस्त करणारा. आम्ही तिघे शाळेपासूनचे, आणि बहीण तेव्हापासून आमच्या मागे लागलेली. पुढे चौघं चार गावांत पांगलो, पण रविवारी सकाळी दहाला एकाच जहाजावर भेटायचो. जहाज अर्थातच कॉम्प्युटरवरचं. सुकाणू घड्याळवाल्याकडे, कारण खडकांमधून जहाज काढावं तर त्यानंच. सर्व्हर माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. म्हणजे यजमान मी. माझं नेट गेलं तर सगळ्यांचाच खेळ बंद, आणि कुणाला जोडता आलं नाही तर शिव्याही मलाच.

आधी कधीतरी, मग दर रविवारी, वीसेक मिनिटांत त्याचा खलाशी गायब होऊ लागला. जहाज थेट खडकावर. लगेच त्याचा फोन यायचा, "गेलं रे नेट परत. तुम्ही खेळा."

"खेळा काय खेळा? सुकाणू कोण धरणार, तुझा काका?" बेकरीवाला करवादायचा.

मी कामाला लागलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्यातला नियम. आधी माझ्याकडचं तपासलं. राउटरमध्ये खेळासाठीचा पोर्ट उघडा होता, फायरवॉल अडवत नव्हती, बाकी दोघांना काही त्रास नव्हता. म्हणजे दोष त्याच्याकडे. मग फोनवरून त्याला जुंपलं. वायफाय सोड, केबल लाव. ही केबल काढ, दुसरी लाव. टेबलाखाली शिर आणि मागची पिन घट्ट बसलीय का बघ. तो "बरं" म्हणायचा आणि एवढ्याशा कामाला अर्धा तास लावायचा. मी खेकसायचो, "घड्याळाचे केसाएवढे स्क्रू फिरवतोस आणि एक पिन बसवता येत नाही तुला?" तो नुसता हसायचा.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. कोण आलं, कोण गेलं, याची सर्व्हर नोंद ठेवतो. नेट गेलं तर ‘संपर्क तुटला’ असं उमटतं. याच्या नावापुढे दर वेळी उमटायचं, ‘खेळाडू बाहेर पडला’. म्हणजे त्यानं स्वतः बटण दाबून खेळ बंद केला. सात रविवार मी ती ओळ वाचली आणि सातही वेळा प्रोग्रामलाच मूर्खात काढलं. हा माणूस आपणहून आम्हाला सोडून जाईल, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

आठव्या रविवारी नवा राउटर आणि नवी केबल पिशवीत टाकून मी पहिली बस पकडली. घरी सर्व्हर चालू ठेवला होता. त्याला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर नकोच म्हणाला असता.

दार वहिनींनी उघडलं. माझ्या पिशवीतून डोकावणारी केबल बघून त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊजी, आता आणखी काही बदलायला सांगू नका हो त्यांना. मागच्या रविवारी केबल लावताना टेबलाखाली पडले. उठताच येईना. शेजाऱ्यांना बोलवावं लागलं."

मला काही उमगेना. आत तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. मला बघून दचकला, मग ओशाळं हसला. मी सवयीनं त्याच्या कॉम्प्युटरवरून नेट तपासलं. सर्व्हरला शंभर वेळा हाक दिली, शंभर वेळा उत्तर आलं.

"नेटला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"नाहीच झालेलं." त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. बोटं अर्धवट मिटलेली होती. "आधी वीस मिनिटं धरता यायचा माऊस. आता पाचसुद्धा नाही."

दुकान त्यानं दोन महिन्यांपूर्वीच बंद केलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि त्यावर औषध नाही हेही. आधी हात, मग पाय, मग वाचा.

"मग सांगायचंस ना गाढवा! सात आठवडे मी तुला टेबलाखाली घालतोय..."

"तू किती जीव तोडून शोधत होतास," तो म्हणाला. "तुझं ऐकता ऐकता मलाही थोडा वेळ वाटायचं, की केबलचंच काहीतरी असेल. बदलली की होईल ठीक. बरं वाटायचं रे."

मला रडू फुटलं. वहिनी समोर होत्या तरी मी लाज सोडून रडलो.

दहा वाजले. स्पीकरमधून बहिणीची हाक आली. त्यानं पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस. माऊस तू धर, मी सांगतो."

माइक बंद ठेवून तो सांगत गेला. डावीकडे घे. अजून थोडं. आता सोड, पाणीच नेईल. जन्मात कधी जमलं नव्हतं ते जमलं. जहाज दोन खडकांमधून सुळकन बाहेर पडलं.

"आज काय झकास चाललंय तुझं नेट!" बेकरीवाला ओरडला.

"पण दादा कुठंय?" बहीण म्हणाली. "आज जहाजावर दिसत नाही."

मित्रानं माझ्याकडे बघितलं आणि मला माइक चालू करायची खूण केली. "त्याचं नेट गेलं असेल," तो म्हणाला.

दोघं पोट धरून हसले. तोही हसला. मला काही हसता आलं नाही.

निघताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो."

"ये," तो म्हणाला. "बोलता येतंय तोवर येत जा. तेवढ्यात तुला सगळे खडक दाखवून ठेवतो."