रांगेच्या शेवटी उभे असलेले साहेब

मित्रांनो, मी एक जुना दांडका आहे, तोही अर्धाच. उरलेला अर्धा खडी ओढताना फावड्यासकट गेला. मला भंगारात टाकणार होते, पण रस्त्याच्या कामावरच्या मावशींनी मला लाल रंग फासला आणि नोकरीला लावलं.

डोंगराच्या वळणावर अर्धा रस्ता खोदलेला होता. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जायच्या. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला त्यांचे भावजी. मध्ये डोंगर, फोन लागत नसे. म्हणून भावजी शेवटच्या गाडीत मला देत. मी पोचलो की मावशी त्यांच्या बाजूच्या गाड्या सोडत आणि त्यांतल्या शेवटच्या गाडीतून मला परत पाठवत. माझ्याशिवाय कोणाचंच काम पुढे सरकत नसल्यामुळे मला सगळे 'साहेब' म्हणत.

एका दुपारी मी एका गायन शिक्षकांच्या गाडीत होतो. मला स्टिअरिंगवर आपटून ताल धरत, तान घेत ते मला न देताच मावशींसमोरून धुळीत निघून गेले.

ही गाडी शेवटची की मागे अजून आहेत, मावशींना कसं कळणार? त्यांच्यापुढे कोंबडीच्या पिल्लांचा टेम्पो तापत उभा होता.

"मावशी, सोडा ना! पिल्लं माना टाकायला लागलीत."

"साहेब आल्याशिवाय नाही. वळणावर समोरून ट्रक आला तर तूही टाकशील."

"पण अडकलेत कुठे तुमचे साहेब?"

साहेब मावशींच्याच रांगेत होते. चूक लक्षात येताच गुरुजी परत फिरले आणि शिस्तीत सर्वांत मागे उभे राहिले. मी पोचलो की रांग सुटणार आणि रांग सुटली की मी पोचणार. गुरुजींनी शांतपणे नवा राग सुरू केला.

पुढच्या जीपमधल्या आजी वैतागून खाली उतरल्या.

"अहो तानसम्राट, ते लाल काय आहे?"

"रस्त्याचं आहे. द्यायचं राहिलं."

"मग आणा की इकडे!"

आजींनी मला पुढच्या रिक्षात दिलं, रिक्षावाल्याने बसमध्ये. "हे काय?" "काय माहीत, पुढे द्या!" एका गाडीतल्या नवरा-बायकोने भांडण न थांबवता मला पुढे सरकवलं. एका बाळाने आधी चावून पाहिलं, मग दिलं.

मावशींनी मला घेतलं, टेम्पो सुटला. परतताना टेम्पोवाला ओरडून सांगून गेला, "सगळी वाचली! एकाने तर मलाच चोच मारली!"

आता रस्ता झालाय. मी मावशींच्या खिडकीला टेकू असतो. रंग उडाला, साहेब म्हणणारं कोणी उरलं नाही, पण ते सगळे हात अजून आठवतात. आभार मानायला त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

म्हणून मित्रांनो, काम चाललेल्या रस्त्यावर रांग मोडून पुढे घुसू नका. आणि मागून कोणी लाकडाचा तुकडा दिला, तर कारण विचारत बसू नका. पुढे द्या.