पाहुणे वेशीपर्यंतच

चांगुणाबाईंनी नातवाची ट्रॅकपँट पांढऱ्या लुगड्याखाली चढवली, नाडीला दोन गाठी मारल्या आणि न्हाणीघराचं दार ढकलून त्या बाहेर आल्या. वय एकाहत्तर. गुडघ्यांची रोज सकाळी नवी तक्रार. पण आज गुडघ्यांचं ऐकतंय कोण!

"आजी, काय अवतार केलायस!" संघर्षने मोबाइल वर धरला. "थांब, फोटो काढतो."

"फोटू मागून काढ. आधी घोडी दाखव."

उलव्याच्या पलीकडे, खाडीच्या बांधाला लागून पंढरीचं हे फार्म होतं. बाकीची जमीन केव्हाच गेली. हा उरलेला तुकडा त्याने विकला नाही. त्यावर दोन खोल्या बांधल्या, तीन घोडे आणले आणि पाहुणे बोलवायला लागला. मार्गशीर्ष लागला होता. खाडीवरून गार वारा सुटला होता, आणि दुपारच्या पोपटीसाठी शेंगा भाजायच्या मडक्याशेजारी वालाच्या पहिल्या शेंगा नि भांबुर्ड्याचा पाला येऊन पडला होता. डोक्यावरून विमान गेलं की पाहुणे माना वर करत. घोड्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

महिन्यापूर्वी रबाळ्याच्या घरी संघर्षने आजीला या फार्मचा व्हिडिओ दाखवला होता. पांढरी घोडी एका गावाच्या गल्लीतून चालली आहे, एवढंच त्यात होतं. आजीने तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, आणि तेव्हापासून एकच धोशा लावला: "मला तिथं ने. मला त्या गावातून घोडीवर जायचंय." संघर्षने त्यातलं 'घोडीवर' तेवढं ऐकलं. 'गावातून' हा शब्द त्याच्या कानावरून निघून गेला. आजकालच्या पोरांचं लक्ष अर्धं मोबाइलमध्येच असतं, त्याला कोण काय करणार!

"ही शबनम," पंढरी म्हणाला. पन्नाशीचा, दणकट, लाजरा माणूस. "नऊ वरसं वरातीन होती. जाम गुनाची घोरी हाय. एकच खोड. मांडव दिसला का थांबते. घरातली बाई डाल-गूल घेऊन भायेर आल्याबिगर हालत नाय. माझ्या हातचं तर हुंगतपन नाय."

"मानाची सवय लागलीया तिला," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि घोडीच्या कपाळावरून त्यांनी हात फिरवला.

आधी स्टूल, मग ओटा, मग संघर्षचा खांदा. एकदा पाय घसरला, एकदा पदर रिकिबीत अडकला. तिसऱ्यांदा मात्र बाई वर! त्यांना एकदम हसूच फुटलं. केवढं उंच! इथून खाडी दिसत होती, चिखलात एका पायावर उभे असलेले गुलाबी रोहित पक्षी दिसत होते, आणि बांधाच्या टोकाला ते गाव दिसत होतं.

"घट्ट धरा हां आजी."

"धरलंय रे बाबा. तू चाल."

शबनम निघाली. बांधावरून जाताना चांगुणाबाईंचं तोंड बंद होईना. ही कोणती झाडं, मीठ कुठं पिकायचं, घोडी पळते का, पळव की जराशी! संघर्ष मागून धावत, धापा टाकत शूटिंग करत होता. आजीला इतकं बोलताना त्याने आजोबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. गंगाराम तीन वर्षांपूर्वी गेले, आणि तेव्हापासून घरात टीव्हीचाच काय तो आवाज.

गावाची कमान आली. पंढरीने लगाम ओढला.

"चला आजी, उतरा आता. गावातून चालत जायाचं. मी घोरी मोकली घेऊन पुढं जातंय. पल्याड परत बसा."

चांगुणाबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

"काय म्हनलास?"

"पावने वेशीपरयंतच. गावातून कोनाला घोरीवर नेत नाय आमी."

"का?"

"गेल्या सालाला हलदीन फटाके वाजले, घोरा बिथरला, पावना पडला. तवापास्नं आयसने सांगून ठेवलंय. आमच्या घरान तिचाच कायदा." पंढरी हसला. त्याच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं. त्याने स्टूलसाठी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा.

संघर्षने हात पुढे केला. "ये आजी. दोनशे पावलं तर आहेत. टेन्शन नको घेऊ."

चांगुणाबाईंनी खोगिराची कडी दोन्ही हातांनी धरली.

"मी नाही उतरनार."

"आजी, अगं—"

"आमच्या लग्नात ह्यांनी टांगेवाल्याची घोडी आनली होती. सोळा वर्साची मी. वेशीत मानसं उभी होती. म्हनली, नवरदेव, खाली उतर. घोडी मोकळी पुढं जाईल, तू गावातून पायी चाल, पल्याड तुमच्या वस्तीत गेल्यावर परत बस." त्या संथपणे, पंढरीकडे बघून बोलत होत्या. "हे उतरले. गावातून पायी चालले. पल्याड घोडी उभी होती, पन परत बसले न्हाईत. पुढं कंदी घोड्याकडं बघितलं सुदीक न्हाई."

संघर्षचा मोबाइल खाली आला. बाबांच्या लग्नात आजोबांनी घोडी नको म्हणून केवढा वाद घातला होता, हा घरात सांगायचा विनोदी किस्सा होता. पोट धरून हसायचे सगळे. आजी तेव्हा आत जाऊन भांडी घासायला लागायची, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

आपण नेमकं काय बोलून बसलो ते पंढरीला कळलं. मग त्याने लगामाचे हाताभोवती दोन वेढे घेतले, दुसरा हात घोडीच्या मानेवर ठेवला.

"पाय रिकिबीन घट्ट ठेवा," तो म्हणाला, आणि कमानीखालून आत शिरला.

टापांचा आवाज सिमेंटच्या गल्लीत दुप्पट झाला. खिडक्या उघडल्या. नळावरच्या बायका हंडा ठेवून बघायला लागल्या. "आगो बाय, म्हातारी बग कशी बसलीय!" कोणीतरी म्हणालं, कोणीतरी हसलं, एका पोरीने टाळ्याच वाजवल्या. चांगुणाबाई ताठ बसल्या. त्यांना डावीउजवीकडे, प्रत्येक दाराकडे बघायचं होतं, आणि त्यांनी बघितलं.

आणि गल्लीच्या मध्यावर शबनम थांबली.

समोर मांडव होता. पंढरीच्या पुतण्याचं, तेजसचं लग्न आठवड्यापूर्वी झालं होतं, आणि मांडव अजून सोडला नव्हता. पंढरीने ओढलं, चुचकारलं, शिव्या दिल्या. घोडी ढिम्म. मांडवात खाटेवर शेवंताबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. पंढरीची आई, कायदा करणारी ती हीच.

"पंढऱ्या!" त्या कडाडल्या. "पावना वेशीवर उतरवला नाय?"

"नाय उतरवला, आयस."

"का रं?"

पंढरीने तोंड उघडलं, पण ही गोष्ट चार माणसांत आपण कशी सांगावी ते त्याला उमगेना. तो एवढंच म्हणाला, "ह्यांना नाय उतरवायचं."

शेवंताबाईंनी वर पाहिलं. घोडीवरच्या बाईचं पांढरं लुगडं, खाली ती काळी ट्रॅकपँट, कडीवर आवळलेली बोटं, भरून आलेले पण न पुसलेले डोळे. मग सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि आत गेल्या.

आता ही बाई माणसं बोलावणार. आता उतरा म्हणणार. चांगुणाबाईंनी टाचा घोडीच्या पोटाला घट्ट लावल्या. ओढून काढलं तरी उतरायचं नाही. पडू, पण उतरायचं नाही!

शेवंताबाई बाहेर आल्या त्या ताटली घेऊन. ताटलीत भिजवलेली डाळ आणि गुळाचा खडा. त्यांनी ती शबनमच्या तोंडापुढे धरली, आणि घोडीने आपला हक्क असल्यासारखं सगळं चाटूनपुसून खाल्लं. गुळाचा एक तुकडा त्यांनी मुठीत राखून ठेवला होता. तो हात उंच करून वर दिला.

"घ्या बाय. मानाचा हाय. दारातून तसंच जाऊ नये."

चांगुणाबाईंनी गूळ तोंडात टाकला. शबनम आपणहून चालायला लागली.

गाव संपलं. पुढे जेट्टी आणि मोकळी खाडी. संघर्ष पुढे आला, त्याने डोळे बाहीला पुसले आणि दोन्ही हात वर केले.

"ये आजी. झालं बघ. उतर आता."

"उतरायचं कवा ते मी सांगते," चांगुणाबाई म्हणाल्या. गूळ अजून गालात होता. "पंढरी, घोडी मागं फिरव."

"परत गावातून?"

"ही फेरी माझी झाली. ह्यांची राहिली की."

पंढरीने शबनमचं तोंड गावाकडे वळवलं. टापा पुन्हा जवळ येताना ऐकून मांडवातल्या शेवंताबाई कपाळावर हात मारून हसल्या, आणि रिकामी ताटली घेऊन डाळ आणायला आत गेल्या.