वळणावरचा वारा

"मोबाइल इथं ठेवा. खिशातलं पेनसुद्धा," परीक्षक म्हणाले.

वारेकाकांनी दोन्ही वस्तू निमूटपणे टेबलावर ठेवल्या. सव्वीस वर्षं ते या सिम्युलेटरवर तंत्रज्ञ होते. उंच हॉलमध्ये सहा पोलादी पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली, आत हुबेहूब कॉकपिट आणि काचांबाहेर पडद्यावरचं आकाश. वैमानिकांच्या परीक्षा तिथंच होत. पाऊस, धुकं, वारा हे सगळं मागच्या स्टुलावर बसून काका द्यायचे, म्हणून ते वारेकाका. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. काका स्वतः विमानात एकदाच बसले होते आणि पूर्ण वेळ कागदी पिशवी तोंडाशी धरून होते. घरी गेले की बायको विचारायची, "काय हो, आज किती विमानं पाडलीत?"

"आजचा वारा मी भरणार," परीक्षक म्हणाले. "तुम्ही यंत्र तेवढं चालू ठेवा."

"काही चुकलं का सर?"

परीक्षकांनी तीन पारदर्शक कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. गेल्या दोन महिन्यांत तीन वैमानिक दरीकाठच्या विमानतळाच्या परीक्षेत पास झाले होते. तिघांच्या मार्गाच्या रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की एकच रेघ वाटावी.

"तीन माणसं, तीन हात, आणि रेघ एक. कुणीतरी यांना आधीच सांगतंय, वारा कुठून येणार ते. आणि वारा कुणाच्या हातात असतो?"

काका एक पाऊल पुढं आले. "सर, मी कधी..."

"बघू."

तो विमानतळ होताच तसा. तिथं सरळ येऊन उतरता येत नाही. डोंगराच्या कडेकडेनं यंत्रांच्या भरवशावर खाली यायचं, मग एका ठिकाणी सगळं सोडून नुसत्या डोळ्यांनी उजवीकडे वळायचं. वळण संपतं तेव्हा धावपट्टी समोर येते, आखूड, पलीकडे दरी. वळणाआधी मन कचरलं तर वर निघून जाता येतं. वळणानंतर नाही. सगळ्या कंपनीत तिथं उतरायची परवानगी असलेले वैमानिक मोजून चौदा होते.

जिन्यावर पावलं वाजली. परीक्षेला आलेली वैमानिक बाई आत आली. अकरा वर्षं सहवैमानिक, दोन मुलांची आई, गेल्या वर्षी याच परीक्षेत नापास झालेली. आज पुन्हा तसंच झालं तर कॅप्टनपद गेल्यातच जमा होतं. "नमस्कार काका," ती म्हणाली. काकांनी मान खाली घातली, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की परीक्षकांनी तीही नोंद घेतली.

ती डाव्या खुर्चीत बसली, उजवीकडे परीक्षक. काकांच्या समोरच्या पडद्यावर वाऱ्याचे आकडे कागद चिकटवून झाकलेले होते. काका स्टुलावर अंग चोरून बसले. आपण खरंच काही सांगितलंय का? परीक्षा आटोपून गळालेली माणसं बाहेर चहा पिताना विचारायची, "काका, तुम्ही इतके बघता, आमचं चुकतं कुठं?" आणि ते सांगायचे. वारा नाही, कधीच नाही. पण सांगायचे खरे. हे चोरीत बसतं का? सकाळपर्यंत हा प्रश्न त्यांना शिवलाही नव्हता. आता मात्र स्वतःच्याच तोंडाचा भरवसा वाटेना.

विमान डोंगराच्या कडेनं उतरू लागलं. काचेवर पाऊस आला. वळण जवळ आलं आणि खोली मागून कुणी ढकलावी तशी हलली.

"मागून वारा," ती म्हणाली. "वर चाललेय."

इंजिनं गरजली. दुसऱ्या खेपेला पाऊस थांबला होता, पट्टीचं टोकही दिसत होतं. ती वळणापर्यंत आली. पुन्हा तोच धक्का. पुन्हा ती वर गेली.

"इंधन दुसऱ्या विमानतळापुरतंच आहे," ती म्हणाली. "तिकडं नेते."

परीक्षकांनी चित्र थांबवलं. "पट्टी दिसत होती ना?"

"दिसत होती सर."

"मग? पाठ केलेला वारा आला नाही, म्हणून घाबरलात?"

"पाठ?" तिनं मागं वळून काकांकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे. तिचा चेहरा लाल झाला. "ओली पट्टी, मागून वारा. आत वळले असते तर परत फिरायला जागा नव्हती."

"या वाऱ्यात उतरता येतं. मी वीस वर्षं उतरवलीत. उठा."

दोघांनी जागा बदलल्या. काकांनी विमान पुन्हा डोंगराशी नेऊन ठेवलं. आकडे तेच राहिले.

परीक्षकांचा हात बघण्यासारखा होता, हे काका कुणापुढंही कबूल करतील. विमान मोडूनतोडून वळवायची घाई नाही, बोटांनी नुसतं सांगावं आणि त्यानं ऐकावं. वळणावर धक्का बसला, त्यांनी तो अंगावर घेतला, पंख सरळ केले. पट्टी बरोबर समोर. काकांनी श्वास सोडला.

पण विमान टेकेना. मागचा वारा त्याला पट्टीवरून तरंगवत पुढं नेत होता. अर्धी पट्टी मागं पडली तेव्हा चाकं लागली. ब्रेक ओरडले, खोली थरथरली, कडेचे दिवे भराभर सरले. मग पट्टी संपली, समोर दरी आली, पडदा लाल झाला आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

परीक्षकांचे हात अजून दांड्यावरच होते.

"पुन्हा लावू का, सर?" काकांनी हळूच विचारलं.

"नको." मग मान न वळवता ते म्हणाले, "काय सांगता तुम्ही यांना?"

"डोंगराकडे बघू नका, म्हणतो. माणूस डोंगराला बिचकतो आणि हात आपोआप बाहेर जातो. पट्टीची जवळची कड धरा, बाकी सोडा. एवढंच. सगळे तेवढं करतात, म्हणून रेघा सारख्या येत असतील."

"आणि वर निघून जायला कोण सांगतं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. बाई म्हणाली, "ते कुणी नाही सांगितलं, सर. मागच्या वर्षी मी असंच उतरवून नापास झाले होते."

परीक्षकांनी फॉर्म मांडीवर घेतला, 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली. आकड्यांवरचा कागद तसाच ठेवून ते जिना उतरून गेले.

महिन्यानं काकांना पत्र आलं. वारा आधी फोडल्याच्या तक्रारीत तथ्य आढळले नाही. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की यापुढे तंत्रज्ञांनी परीक्षार्थींशी बोलू नये. हॉलच्या कोपऱ्यात काचेची केबिन बांधली गेली आणि काका तिथून वारा देऊ लागले. वैमानिक येत, जात. लांबून कुणी हात केला तर काका आधी कोण बघतंय ते पाहत आणि मग मान हलवत. कुजबुज दिसली की ती आपल्याबद्दलच असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. बायकोनंही विमानं पाडायचं विचारणं बंद केलं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी काचेवर टकटक झाली. बाहेर ती उभी होती. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या, बूट धुळीनं माखलेले, सरळ विमानावरून आलेली. हॉलच्या दाराशी परीक्षक कुणाशी तरी बोलत उभे होते. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं नाही.

तिनं उजव्या हाताचा पंजा आडवा धरला. तो काचेच्या कडेकडेनं हळूहळू खाली आणला, उजवीकडे कलता केला, सरळ केला आणि खिडकीच्या चौकटीवर अलगद टेकवला. तिथंच थांबवला.

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. ती जाईपर्यंत ते तसेच उभे होते.