फिल्गोनाबाईंचा नेम

ओगुटूने खाटेवर रुमाल पसरला, बाटली त्यावर उपडी केली आणि एकेक गोळी बोटाने सरकवत मोजायला घेतली. ही तिसरी खेप.

"अठरा," तो हिरमुसून म्हणाला. "आज बारा तारीख, बाटली तीसची. म्हणजे बरोबर आहे, बाई."

"मग तोंड कशाला पाडतोस?" फिल्गोनाबाई उशीला टेकून म्हणाल्या.

तोंड पडणारच. सतरा वर्षं याच दवाखान्यात लाकडी खुर्चीवर बसून, लाल अ‍ॅप्रन घालून बाईंनी सगळ्यांच्या गोळ्या मोजल्या होत्या. स्वतः एचआयव्हीच्या पेशंट, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन. ओगुटू सरोवरावरचा होडीवाला. मासे मिळायला लागले की चार-चार दिवस गोळी विसरायचा. भर रांगेत बाईंनी त्याला विचारलं होतं, जाळं विसरतोस का रे कधी? तेव्हापासून बाजारात त्याला कुणीही हाक मारी ती 'जाळं घेतलंस का' अशीच.

आणि आता बाईच बायकांच्या वॉर्डात. सोमवारी सकाळी उपदेश करता करता खुर्चीवरून खाली कोसळल्या. रक्त चहासारखं पातळ झालेलं. वर रिपोर्ट आला तो असा, की इतकी वर्षं शोधून न सापडणारे विषाणू हजारांनी वाढलेत. ही बातमी बाईंच्या आधी मासळीबाजारात पोचली. शिष्यगण भेटीला येऊ लागला, एका हातात माशाचं कालवण आणि ओठांवर एकच प्रश्न: बाई, किती चुकवल्या?

डॉक्टर वेरे तर खाटेवर बसून हळू आवाजात म्हणाले होते, "खरं सांगा, मी रागावणार नाही." हे वाक्य त्यांना बाईंनीच शिकवलेलं. ज्याच्या रक्तातले विषाणू ताब्यात नाहीत त्याला त्या खुर्चीवर बसता येत नाही, असा नियम. दहाच्या राउंडला ते फाईलमध्ये कारण लिहिणार होते.

बाईंनी चुकवली नव्हती. सकाळी सहाला रेडिओवर बातम्या लागल्या की प्रार्थना, मग गोळी. देवाचं नाव एखादे दिवशी घाईत घेतलं असेल, गोळी कधी नाही.

ओगुटू गोळ्या परत बाटलीत भरू लागला. तेवढ्यात बाई सावरून बसल्या, अंगावर गुंडाळलेल्या रंगीत कापडाच्या, लेसोच्या, टोकाची गाठ सुटली आणि बोराएवढा तपकिरी खडा गोळ्यांत जाऊन पडला.

"एकोणीस," ओगुटू म्हणाला. मग त्याने खडा उचलून हुंगला. पाच लेकरांचा बाप तो. बायकोच्या पाचही खेपांना हीच डोहाळ्यांची माती बाजारातून आणली होती. त्याने बाईंच्या पोटाकडे पाहिलं. "बाई, या वयात?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने पांघरूण तोंडात कोंबलं.

"गप बस," फिल्गोनाबाई पुटपुटल्या. पंचवीस वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी डोहाळे लागले होते. धाकटा दोन मुलांचा बाप झाला, डोहाळे काही सुटले नाहीत. आणि दर सोमवारी त्याच तोंडाने त्या बायकांना सांगत, माती खाऊ नका गं, रक्त कमी होतं.

"कधी खाता?"

"गोळीनंतर. तोंड कडू होतं."

"लगेच?"

"लगेच."

ओगुटू खडा तळहातावर फिरवत राहिला. "होडीत रॉकेल सांडलं की आम्ही वर मातीच टाकतो. सगळं पिऊन घेते. तुमची गोळी सोडत असेल होय?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तो खडा तुझ्या खिशात घाल."

"घालतो. पण मग ते 'गोळ्या चुकवल्या' असंच लिहितील. बघा, खोटारडी म्हणून घ्यायचं की हसू करून घ्यायचं."

दहा वाजता डॉक्टर आले. बाईंनी हात पुढे केला. ओगुटूने खडा दिला. बाईंनी तो फाईलवर ठेवला.

"हे काय?"

"माझी न्याहारी."

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. हे कारण असू शकतं, म्हणाले. जुन्या गोळीने चालवून घेतलं असेल, ही यंदा बदलून दिलेली नवी तेवढी सोशिक नसावी. माती बंद, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. तोवर अ‍ॅप्रन मात्र कपाटात.

पुढच्या सोमवारी बाई रांगेत उभ्या राहिल्या, पेशंटसारख्या. खुर्ची रिकामी. उपदेश कोण करणार ते कुणाला कळेना. शेवटी त्या पुढे गेल्या आणि खुर्चीच्या शेजारी उभ्या राहिल्या. टेबलावर खडा ठेवून म्हणाल्या, "ही माती मी खात होते. तुम्हाला खाऊ नका सांगून."

अख्खी रांग हसली. ओगुटू सगळ्यांत जास्त. सतरा वर्षांची भरपाई होती ती. बाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या. मग मागची एक पोटुशी पोर पुढे आली, लेसोची गाठ सोडली आणि खड्याशेजारी खडा ठेवला. मग दुसरी आली. मग एक आजीबाई, इकडे-तिकडे बघत. टेबलावर चांगला सुपलीभर ढीग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बातम्या लागल्या. बाईंनी प्रार्थना केली, गोळी घेतली. तोंड कडू झालं. बोटं आपसूक गाठीकडे गेली, गाठ चाचपली. आत नुसतं कापड होतं. बाईंनी हात मांडीवर ठेवला आणि बातम्या संपेपर्यंत तो कडूपणा तोंडात धरून बसून राहिल्या.