मासे कुणापुढे वाकतात?

"वाकले बघा, वाकले," असं पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या आणि सभागृहातली साठ-सत्तर माणसं खुर्च्यांवरून अर्धी उठली. काचेच्या टाकीतले चार चपटे एंजल मासे खरोखरच एका अंगावर कलले होते. ते ज्यांच्याकडे पाठ वाकवून कलले, ते गृहस्थ टाकीच्या डाव्या टोकाला उभे राहून रडायच्या बेतात होते.

"माणूस खोटं बोलतो, डॉक्टर खोटं बोलतात," मासेबाबा माइकवर सूर लावून म्हणाले. "मासा बोलतच नाही, मग खोटं कसं बोलेल?"

आता यावर काय बोलणार? खुर्चीही बोलत नाही, पण तिला कुणी सल्ला विचारत नाही.

मागच्या रांगेत भावोजी बसले होते. दवाखान्यांत आणि ऑफिसांत माशांच्या टाक्या बसवणं, त्या धुणं हाच त्यांचा धंदा. आज ते आले होते वहिनींसाठी. वहिनींना काचबिंदू झाला होता आणि ऑपरेशन गुरुवारी होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची आहे, उशीर नको." पण मागच्या खेपेला माशांनी कौल दिला की ऑपरेशन नको, बाबांचे थेंब पुरेत. उद्या फोन करून तारीख रद्द करायची, असं वहिनींनी पक्कं केलं होतं. माझ्यासमोर एकदा विचारा, एवढीच गळ भावोजींनी घातली होती.

"जन्म गेला तुमचा माशांत, आणि तुमचाच विश्वास नाही?" वहिनी म्हणाल्या.

"माशांवर आहे, वहिनी. बाबांवर नाही."

वहिनींचा नंबर लागला. त्या डाव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "ऑपरेशन करू का?" मासे सरळच पोहत राहिले. "नाही म्हणतात," बाबा म्हणाले. मग शिष्याने टाकीच्या झाकणातली ट्यूब विझवली आणि डाव्या बाजूला टोपी घातलेला एक दिवा लावला. ही म्हणे ज्योत. "बाबांच्या थेंबांनी बरी होईन का?" चारही मासे हळूहळू वहिनींकडे कलले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

भावोजींना मात्र हसू फुटलं. दोन वर्षांपूर्वी एका दातांच्या दवाखान्यात वर जागा नव्हती, म्हणून त्यांनी टाकीचा दिवा बाजूला ठोकला होता. दुसऱ्याच दिवशी दंतवैद्यांचा फोन आला, "अहो, तुमचे मासे प्यालेत का? पेशंट घाबरताहेत." स्वतःचीच घोडचूक ती, विसरणार कशी?

ते उठले आणि कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलून पुढे गेले. "बाबा, याचा पाय मोडलाय. बरा होईल का, विचारू?"

"मासे निर्जीवापुढे वाकत नाहीत," बाबा गुरकावले.

"मग बघू या की."

वहिनी जरा सरकल्या, स्टूल त्यांच्या जागी आलं. दिवा जळतच होता. मासे स्टुलापुढेही तसेच भक्तिभावाने वाकलेले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग भावोजींनी दिवा उचलला आणि टाकीच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवला. जरा वेळाने मासे तिकडे कलले, आणि डावीकडे उभ्या असलेल्या बाबांच्या वाट्याला चौघांची पोटं आली. सगळं सभागृह खो-खो हसू लागलं.

"आज मासे थकलेत," असं पुटपुटत बाबांनी माइक खाली ठेवला.

"थकले नाहीत हो," भावोजी लोकांना म्हणाले. "तळ्यात उजेड नेहमी वरून येतो. जिकडे उजेड तिकडे वर, असं माशाच्या डोळ्याला वाटतं आणि तो पाठ तिकडे ठेवतो. उजेड बाजूने आला की बिचारा कलतो. यात भक्ती नाही आणि कौलही नाही. कुणीही घरी दिवा घेऊन करून बघा."

लोक पुढे येऊन दिवा हलवून बघू लागले. वहिनी मात्र गोंधळून उभ्या होत्या.

"भावोजी, हा दिवा तुम्ही आणलात का? आधी तर नव्हता."

भावोजींचं हसू मावळलं. "होता, वहिनी. तुमच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर होता."

वहिनींनी मान पूर्ण वळवून ती रिकामी जागा पाहिली. मग हात लांब करून चाचपलीसुद्धा. "मला समोरचे मासे तेवढे दिसत होते," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी पदर खोचला. "गुरुवारी किती वाजता बोलावलंय?"

"आठला."

"मग साडेसातला रिक्षा घेऊन या. उशीर केलात तर तुमची खैर नाही."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. कडांची गेलेली नजर काही परत आली नाही, पण उरलेली शाबूत राहिली. आता रस्ता ओलांडताना वहिनी दोन्हीकडे पूर्ण मान वळवून बघतात आणि मगच पाऊल टाकतात. आपण सगळ्यांनीही हे शिकायला हरकत नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मान वळवा आणि एवढंच बघा, दिवा कुठे ठेवलाय आणि कुणी.