एकवीस दिवसांतले चार

मी एक जुनी, पांढरी, दोन ब्रेकांची गाडी आहे. फरीदाबादच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी चौदा वर्षं काढली. मित्रांनो, माझा एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्या बळवंतकाकांच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकमुळेच मी आज बोलायला शिल्लक आहे.

नवी होते तेव्हा माझा क्लच लोण्यासारखा होता. लोकांनी वर्षभरात त्याची पार वाट लावली. ब्रेक म्हटलं की ॲक्सिलरेटर दाबायचा, वळून झाल्यावर इंडिकेटर द्यायचा, आरशात फक्त स्वतःचे केस बघायचे. दर जानेवारीत माझ्या टपावर रस्ता सुरक्षेचा फलक बांधून मला शहरभर फिरवत. तेव्हाही उलट्या बाजूने येणारे लोक मलाच हॉर्न द्यायचे. वैताग येणार नाही तर काय?

तीन वर्षांपूर्वी चंद्रप्रभाताई आणि त्यांचा मुलगा अविनाश एकाच दिवशी शिकायला आले. ताई निवृत्त नर्स. अविनाश दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात नोकरीला. शिकवणी एकवीस दिवसांची. चार दिवस अविनाशने माझे गिअर खरवडले आणि मग तो यायचाच बंद झाला. पुढे एकदा आईला सोडायला आला, तेव्हा काकांनी विचारलं.

"काका, पक्कं लायसन्स आलंसुद्धा. एजंटने करून दिलं. टेस्टही नाही द्यावी लागली."

"अरे, तुला अजून रिव्हर्स येत नाही."

"येईल हो हळूहळू. ऑफिसमुळे बिल्कुल वेळ नसतो."

ताई मात्र पूर्ण एकवीस दिवस आल्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्या, पुन्हा आल्या. चढावर त्यांनी मला इतक्या वेळा बंद पाडलं की मी रडकुंडीला आले. पण आरसा पाहिल्याशिवाय त्यांनी मला कधी तसूभरही हलवलं नाही. तिसऱ्यांदा त्या पास झाल्या.

त्याच महिन्यात अविनाश गल्लीत आपली नवी गाडी मागे घेत होता. मागून श्याम नावाचा कामगार सायकलवरून कारखान्यात चालला होता. अविनाश गोंधळला आणि त्याने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. श्यामचा पाय दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी मायलेक आमच्या अंगणात आले.

"काका, पोलिसांना दाखवायचंय. एकवीस दिवस पूर्ण केले, एवढं लिहून द्या, प्लीज," अविनाश म्हणाला.

काकांनी ताईंकडे पाहिलं.

"चार दिवस आला होता," ताई म्हणाल्या. "चारच लिहा."

"आई, माझी नोकरी जाईल."

"मी आत्ता श्यामला बघून आले. त्यालाही नोकरीच आहे."

काकांनी माझ्या बॉनेटवर कागद ठेवून चार लिहिले. अविनाशने तो घडी करून खिशात घातला. मग ताईच त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. त्याचं लायसन्स गेलं, खटला चालू आहे. गेल्या वर्षी तो परत आला आणि म्हणाला, "काका, पहिल्यापासून शिकवा."

मित्रांनो, लवकरच मी भंगारात जाईन. तुम्हाला कुणी न शिकता लायसन्स मिळवून देतो म्हणालं, तर आधी श्यामच्या गल्लीत जाऊन या. तो आता काठी घेऊन चालतो, आणि एखादी गाडी मागे येताना दिसली, की ती थांबेपर्यंत भिंतीला चिकटून उभा राहतो.